आधी वाचा, मग सुचवा

ये, अशी जवळ बस. तू पुण्यात आणि मी लखनौत, जवळ बसणार कशी ते मला कळतं, पण निदान कागदावर तरी बस. मला तुला थोडं रागवायचं आहे आणि लांबून रागवलं की उगाच आवाज चढतो. सई, गेल्या आठवड्यात तू माझ्या फोनवर पुस्तकांच्या नावांची ही एवढी माळ पाठवलीस. एक मधमाश्या पाळण्यावरचं, एक जुन्या कुलपांवरचं, एक नदीकाठच्या दगडांवरचं, आणखी कसली कसली. 'मावशीआजी, तुला नक्की आवडतील, वाचच.' मला बरं वाटलं. मी लगेच विचारलं, यातलं तुला कुठलं आवडलं? तर तुझं उत्तर आलं, 'मी नाही गं वाचलीत, एका ग्रुपवर आली होती, छान वाटली म्हणून पाठवली.' आणि खाली एक हसरं तोंड. अगं, हसतेस काय? आमच्या आधीवाचा काकांनी तुला दारातूनच परत पाठवलं असतं.

आधीवाचा हे काही आडनाव नाही. खरं आडनाव होतं, पण ते फक्त पोस्टमनला माहीत. 'आधी वाचा, मग सुचवा,' हे वाक्य त्यांनी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकवलं की तेच त्यांना चिकटलं. उंच, किडकिडीत. नोव्हेंबर लागला की कानाला मफलर, आणि त्यावर माकडटोपी. एका संशोधन संस्थेत सगळा जन्म शेवाळाचा अभ्यास करण्यात घालवलेला. निवृत्त होऊन लखनौतल्या आमच्याच विकास नगरात, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे. बायको आधीच गेलेली, मुलगी हैदराबादला. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात एक पुस्तक आणि एक भिंग. माणूस भेटला की तब्येत विचारायचे नाहीत, पाऊसपाणी विचारायचे नाहीत. विचारायचे, 'सध्या काय वाचताय? कुठे अडलात?'

आमची एक बैठक होती. महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी, आमच्याच दिवाणखान्यात. लखनौची मराठी माणसं म्हणजे कोण, रेल्वेतली, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतली, संस्थांमधली शास्त्रज्ञ, विद्यापीठातली. पूर्वी कादंबऱ्यांवर बोलायचे. एका लेखकावरून दोन भल्या गृहस्थांनी वर्षभर अबोला धरला, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की यापुढे कादंबरी नको, अध्यात्म नको, राजकारण तर नकोच. फक्त छंदांची पुस्तकं. ज्याने त्याने एक आणायचं आणि बाकीच्यांना सुचवायचं. कबुतरांवरून कोण भांडणार? भांडले, कबुतरांवरूनही भांडले, पण चहापुरते.

आता माझं काय होतं ते ऐक. तुझे दोन्ही मामा इथलेच झालेले. मी म्हणायचे, 'जेवायला ये रे.' आतून उत्तर यायचं, 'आ रहा हूँ मम्मी.' दिवसभर सब्जीवाल्या भैयापासून शेजारच्या भाभीपर्यंत सगळं हिंदी. यांच्याशी मराठी, पण तुझे आजोबा बोलतात किती ते तुला माहीत आहे. महिन्यातली ती एक दुपार घर तोंडभर मराठी बोलायचं. दाराबाहेर चपला मावायच्या नाहीत. त्या चपलांचा ढीग बघूनच मला मिरजेला माहेरी गेल्यासारखं व्हायचं. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला लागलेली बाई. मला कोण काय सुचवतं याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. माणसं यावीत, एवढंच. आणि काकांनी ती एकेक करून घालवायचा विडा उचलला होता.

पहिले गेले सबनीस साहेब. मोठे अधिकारी, आवाज सनईसारखा. मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक घेऊन आले आणि अर्धा तास असे बोलले की आमच्या पंख्यालाही माश्यांची गुणगुण लागली असं वाटलं. 'प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक,' म्हणून त्यांनी संपवलं. काका पुढे सरकून बसले.

'कुठे अडलात?'

'अडलो? छे हो. अगदी सोपं आहे.'

'मग वाचलं नाहीत,' काका म्हणाले. 'हाताने करायच्या गोष्टीचं पुस्तक आहे. ते न अडता पुरं होत नाही. आधी वाचा, मग सुचवा.'

मी घाईघाईने सबनीस वहिनींनी आणलेली खांडवी पुन्हा वाढायला घेतली. पुस्तक खरंच मागच्या पानावरच्या मजकुरापलीकडे वाचलेलं नव्हतं, हे सबनीसांच्या कानांच्या रंगावरून सगळ्यांना कळलं. पण कळलं म्हणून बोलायचं असतं का? पुढच्या महिन्यात त्यांना म्हणे काम निघालं. त्याच्या पुढच्याही महिन्यात निघालं.

वर काकांनी एक नियम काढला. दुसऱ्याने सुचवलेलं पुस्तक वाचल्याशिवाय आपलं नवं सुचवायचं नाही. म्हणाले, 'इथे सगळे तोंड घेऊन येतात, कान घरी ठेवून.' बोलणं खरं होतं. पण नियमाने झालं काय, की माणसं यायची आणि गप्प बसायची. पाटणकर वहिनींनी निवडुंगाचं पुस्तक सुचवलेलं, ते कुणी वाचलेलं नाही. कुलपांचं सुचवलेलं, तेही नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघतोय, अभ्यास न करता वर्गात बसल्यासारखा. मग पोटदुखी, पाहुणे, लग्नं. चपला कमी होत चालल्या. तुझे आजोबा दाराशी उभे राहून म्हणायचे, 'आज तुझा काका कुणाला हाकलणार?'

पण यांनाही काकांनी सोडलं नाही. हे निवृत्त झाले तेव्हा घरभर येरझारा घालायचे, माझ्या फोडणीत नाक खुपसायचे. काकांनी त्यांना सहा महिने नुसतं पाहिलं. तसं घाईने ते कुणालाच काही सुचवायचे नाहीत. मग एका रविवारी दोरीच्या गाठींवरचं एक जाडजूड पुस्तक यांच्या हातात दिलं. झालं. यांनी पडद्यांना गाठी मारल्या, नळाच्या पाइपला मारल्या, रद्दीच्या गठ्ठ्यांना मारल्या. कपडे वाळत घालायच्या दोरीला अशी काही गाठ बसवली की ती सोडवायला दर वेळी यांनाच बोलवायचं. मी काकांकडे तक्रार केली, तर त्यांनी यांनाच विचारलं, 'कितव्या गाठीला अडलात?' आणि दोघे बाल्कनीत जाऊन दोरी घेऊन बसले. चहा दोनदा गरम केला मी.

सगळ्यांनाच असं जमलं नाही. पाटणकर वहिनी हिवाळ्यात दिवसभर गच्चीवर उन्हात बसायच्या, त्यांना काकांनी ढग ओळखण्याचं पुस्तक सुचवलं. त्या मला म्हणाल्या, 'म्हणजे मी रिकामटेकडी, आभाळाकडे बघत बसते, असंच ना?' त्याही बंद झाल्या. एकदा मी आणि काका सायकलरिक्षाने चौकात, इथल्या जुन्या बाजारात, गेलो होतो, मला चिकनच्या भरतकामाची साडी घ्यायची होती आणि त्यांना जुनी पुस्तकं धुंडायची होती. त्यांनी रिक्षावाल्यालाच गाठलं. 'भैया, आप किस चीज़ में खो जाते हैं?' तो पॅडल मारता मारता म्हणाला, 'नींद में, बाबूजी.' काका मला हळूच म्हणाले, 'झोपेवर एक चांगलं पुस्तक आहे.' मागे न वळता रिक्षावाला म्हणाला, 'वो मत दीजिएगा, जो है वो भी उड़ जाएगी.' काकांना इतकं हसू फुटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना मी विचारलं, 'काका, इतक्या वर्षांत मला कधी काही सुचवलं नाहीत.'

'वहिनी, तुम्ही कशात हरवता ते मला अजून दिसलं नाही.'

मला वाईट वाटलं. वर्षानुवर्षं याला आलं घालून चहा पाजतेय आणि याला मी दिसले नाही.

त्यानंतर मी एक खटपट केली. सबनीस वहिनींना फोन केला, गोड बोलले, आणि दोघांना पुन्हा यायला तयार केलं. काकांना आधीच बजावलं, 'आज काही विचारायचं नाही. माझी शपथ.' 'बरं,' म्हणाले. सबनीस घड्याळं दुरुस्त करण्यावरचं पुस्तक घेऊन आले. यावेळी मोजून बोलले, छान बोलले. काका ओठ आवळून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. मी मनात म्हटलं, निभलं. तेवढ्यात सबनीसच मोठ्या मनाने म्हणाले, 'काका, तुम्ही हे जरूर वाचा.'

'वाचतो,' काका म्हणाले. 'पण तुमचं ते मधमाश्यांचं? ते पुढे वाचलंत का?'

सबनीसांनी कप खाली ठेवला. 'मी इथे मुलाखतीला आलेलो नाही,' म्हणाले आणि उठले. वहिनींचा डबा मी अजून उघडलाही नव्हता, तो तसाच त्यांच्याबरोबर परत गेला.

दार लागल्यावर मी काकांना सोडलं नाही. 'तुम्हाला पुस्तकं हवीत की माणसं?' म्हणाले, 'वहिनी, न वाचता सुचवलेलं पुस्तक म्हणजे न चाखता वाढलेली भाजी. तुम्ही वाढाल का तशी?' मी म्हटलं, 'वाढते की. नैवेद्य न चाखताच वाढतात. आणि देव कधी उठून गेला नाही.' काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी मी बरोबर होते. पण पुढच्या दुसऱ्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी सवयीने मोठं आधण ठेवायचे. हे दाराबाहेर बघून म्हणायचे, 'आता चपलांना जागाच जागा.'

शेवटी मीच गेले. थंडीचे दिवस होते, मटार घातलेले पोहे डब्यात घेतले. काका खिडकीशी बसलेले, मफलर, टोपी, हातात भिंग, मांडीवर पुस्तक. मी डोकावले तर मधमाश्यांचं.

'हे सबनीसांचं ना?'

'हो. दुसऱ्यांदा वाचतोय.'

मग मी मागच्या फळीकडे पाहिलं. पाटणकर वहिनींचा निवडुंग होता, कुलपं होती, सबनीसांची घड्याळं होती. आमच्या बैठकीत ज्याने ज्याने जे जे सुचवलं, ते सगळं काकांनी मागवून घेतलेलं. पुस्तकांच्या पाठी चांगल्या वापरून मळलेल्या.

'ही सगळी वाचलीत?'

'सुचवलं म्हणजे वाचायला नको?' त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. 'पण इथे अडलोय बघा. पोळ्यातली जुनी राणी काढून नवी घालतात, तिला बाकीच्या माश्या मारत का नाहीत, ते मला उमगत नाही. सबनीस आले की विचारीन म्हणून थांबलो होतो. आणि आले तेव्हा ते उठूनच गेले.'

मी डबा हातात धरून तशीच उभी. 'म्हणजे तुम्ही त्यांची परीक्षा घेत नव्हता?'

'परीक्षा कसली? मला एकट्याला कळत नव्हतं, म्हणून विचारत होतो. त्यांनाही तिथेच अडलं असेल तर दोघं मिळून बघू, म्हटलं.'

'अहो, मग हे तोंडाने सांगायला काय होत होतं?'

'त्यात सांगायचं काय?'

सई, मला रडावं की तो डबा आपटावा ते कळेना. इतकी वर्षं 'कुठे अडलात' म्हणजे 'मीही अडलोय, जरा सोबत या' असं होतं, आणि ते आम्हा कुणाला कळलं नाही, आणि या शहाण्याला ते सांगावंसं वाटलं नाही. घरी येऊन आधी सबनीसांना फोन लावला. तर त्यांची दिल्लीला बदली झालेली, सामान ट्रकवर चढत होतं. पाटणकर वहिनी म्हणाल्या, 'बघू.' बघू म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. बैठक मोडली ती मोडलीच. त्यानंतर दुसऱ्या रविवारी आम्ही तिघंच बसायचो, हे, मी आणि काका. हे गाठ मारायचे, काका सोडवायचे.

मग काकांचे डोळे गेले. काचबिंदू आधीपासून होता, कुणाला सांगितलं नव्हतं. भिंगाने भागेना तेव्हा मुलगी हैदराबादहून न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आले तर तिचा हात धरून. खुर्चीत बसून म्हणाले, 'वहिनी, तुम्ही कशात हरवता ते कळलं मला. माणसं जमवण्यात. पण त्याच्यावरचं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही, मग सुचवू कसं? आता तुम्हीच मला एक सुचवा.'

'मी? आणि तुम्ही ते वाचणार कसं?'

'ते तुम्ही बघा,' म्हणाले. अडवणूक करायची सवय जाताजातासुद्धा सुटली नाही.

मी पुष्कळ विचार केला. ज्याला दिसत नाही त्याला कशाचा छंद लावायचा? तेव्हा मीच तुझ्या आईला सांगून पुण्याहून ते पक्ष्यांच्या आवाजांवरचं पुस्तक मागवलं, आठवतं तुला? ते कशासाठी ते आता सांगतेय. मी ते रोज दुपारी फोनवर काकांना वाचून दाखवू लागले. पक्ष्याचं नाव सांगायचं नाही, आवाज कसा ते वाचायचं, काका ओळखायचे. दमून जायचे मी. एक तर माझं वाचन अडखळत, त्यात त्यांचं, 'पुन्हा वाचा. गाळलंत तुम्ही काहीतरी.' आणि खरंच गाळलेलं असायचं.

एक दिवस वाचलं, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसारखा टुक टुक आवाज. 'तांबट,' काका म्हणाले. 'पुढे.' पुढे लिहिलं होतं, हा पक्षी ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो आणि तो चटकन सापडत नाही. काकांनी विचारलं, 'खरंच फिरवतो मान? मी शेवाळ बघत जन्म काढला, वर कधी पाहिलंच नाही. तुमच्या घरामागच्या पिंपळावर आहे की तो. बघून सांगा. दिसल्याशिवाय पान उलटायचं नाही.'

मग काय, मी गच्चीवर. टुक टुक, टुक टुक, दिवसभर कानाशी. एवढासा हिरवा पक्षी, पिंपळही हिरवा. या फांदीकडे बघावं तर आवाज त्या फांदीवरून. मान दुखायला लागली. यांना बोलावलं, तर यांना नाकावरचा चष्मा सापडत नाही. रोज दुपारी काकांचा पहिला प्रश्न, 'दिसला?' रोज माझं, 'नाही हो.' मी वैतागून म्हटलं, 'काका, पुस्तकात लिहिलंय म्हणजे फिरवत असेल. पुढे जाऊ या ना.' तर फोनवर स्पष्ट ऐकू आलं मला, माणूस हसत होता. 'अडलात ना? छान. आता खरं वाचताय.'

त्या आठवड्यातच मुलीचा फोन आला. सकाळी चहा घेताना गेले, त्रास झाला नाही म्हणाली. मी इतकंच विचारलं, 'काल काही बोलले?' म्हणाली, 'तुमच्या फोननंतर खिडकी उघडून ठेव म्हणाले. पण आमच्या इमारतीला झाड नाही ना, काकू.'

त्याला दोन वर्षं होतील. पुस्तक टेबलावर आहे, तांबटाच्याच पानावर उघडं. मी पुढे गेलेले नाही. जाववत नाही म्हण, किंवा त्या माणसाचा हट्ट मला लागलाय म्हण. अर्धं वाचलेलं पुस्तक सुचवायचं नाही, हा त्यांचा नियम, म्हणून तुझ्या त्या माळेच्या बदल्यात तुला पाठवायला माझ्याकडे एकही नाव नाही.

फाल्गुन लागला आहे. तांबट पुन्हा ओरडू लागलाय, आता हे लिहितानाही ओरडतोय, आणि मला दिसत नाहीये. माझे डोळे आता कितीसे पुरणार? तुझे तरुण आहेत. सुट्टी काढ आणि लवकर ये. येताना त्या माळेतलं एखादं वाचून आलीस तर बरं, नाही वाचलंस तरी ये, दारात कुणी विचारणार नाही. गच्चीवर दोन खुर्च्या टाकते. तू तेवढी त्याची मान फिरते की नाही ते बघून सांग, मग आपण दोघी मिळून पान उलटू.